‘मोकळं बोला’ कुणाकडे जातं

बाटल्यांच्या त्या कारखान्यात दोन हजारांच्या वर माणसं होती आणि त्या सगळ्यांना नावं ठेवायचं काम वहिनी करायची. पगार घेऊन, खुर्चीत बसून, अगदी रीतसर. बिनपगारी नावंही ती भरपूर ठेवायची, पण ती जेवणाच्या सुट्टीत.

कारखान्याचं सगळं बोलणं चॅटवर चालायचं. भट्टीवाल्याला वाळू हवी असो की गोदामवाल्याला ट्रक, जो तो फोन काढून लिहायचा. आता सर्व्हरला कळणारा प्रत्येकाचा खरा पत्ता म्हणजे आकड्यांचं हे एवढं लांब शेपूट. ते पाठ करत बसायला कुणाला वेळ आहे? म्हणून पत्त्यांना टोपणनावं दिलेली होती. ‘भट्टी-दोन’ असं लिहिलं, की सर्व्हर मनातल्या मनात बघायचा की आज भट्टी दोनवर कोण आहे, आणि निरोप नेऊन त्याच्या खऱ्या पत्त्यावर टाकायचा. माणसं बदलायची, रजेवर जायची, निवृत्त व्हायची. टोपणनाव मात्र जागच्या जागी. कुठलं टोपणनाव आज नेमकं कुणाकडे जातं, हे फक्त सर्व्हरच्या खोलीतल्या दोघांना दिसायचं. एक वहिनी, आणि दुसरे तिचे साहेब, ज्यांना अख्खा कारखाना काका म्हणायचा.

तिला सगळे वहिनी म्हणायला लागले त्याचं खापर नणंदेच्या डोक्यावर फोडायला हवं. नणंद पॅकिंगच्या हॉलमध्ये खोक्यांची मोजदाद करायची. वहिनी कामावर रुजू झाली त्याच दिवशी नणंदेने कॅन्टीनच्या या टोकावरून त्या टोकाला ‘वहिनीऽऽ, इकडे जागा धरलीय’ अशी जी हाळी दिली, ती भट्टीच्या घरघरीतही ऐकू गेली म्हणतात. झालं, दुसऱ्या दिवसापासून सुरक्षारक्षकापासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांची ती वहिनी. नणंदेचं घरातलं नाव तोफ होतं, ते का हे आता वेगळं सांगायला नको. दोघी एका घरात राहायच्या, एका बसने यायच्या आणि सकाळच्या घाईत एकमेकींच्या चपला घालून निघायच्या. तोफेचा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, दूर कुठल्या तरी बांधकामावर असायचा आणि पाहुण्यासारखा घरी यायचा. त्यामुळे घर या दोघींचंच होतं, आणि भांडणंही दोघींचीच.

वहिनीला आपल्या कामाचा गर्व होता, आणि का नसावा? ती यायच्या आधी कुणी नोकरी सोडली की त्याच्या नावाने येणारे निरोप सर्व्हरमध्ये कुजत पडायचे. एकदा तर भट्टीचं तापमान चढल्याचा निरोप महिन्यापूर्वी राजीनामा देऊन गेलेल्या माणसाकडे गेला, आणि तो बिचारा तेव्हा आपल्या गावी नातवाला खेळवत बसला होता. वहिनीने मग एक नियम बसवला. माणूस गेला, की त्याची सगळी टोपणनावं आपोआप त्याच्या वरच्या साहेबाकडे जातील. नवा माणूस येईपर्यंत तो साहेब बघेल. कुणाचाही निरोप अधांतरी लटकणार नाही. काकांनी तेव्हा तिची पाठ थोपटली होती आणि वर मोठ्या साहेबांना सांगताना ‘आमच्या पोरीने’ असं म्हटलं होतं. वहिनी त्या दिवशी घरी तरंगत गेली.

दुसरा तिचा लाडका उद्योग म्हणजे ‘मोकळं-बोला’. ज्याला कुणाची तक्रार करायची आहे पण तोंड उघडायची भीती वाटते, त्याने या नावाला लिहायचं. ते जायचं कल्याण समितीच्या बाईंकडे. बाई जाडजूड चष्म्याच्या, गुडघेदुखीच्या, आणि पोटात काहीही ठेवू शकणाऱ्या. त्यांनी कितीतरी जणींची कामं आवाज न करता मार्गी लावली होती. हे नाव वहिनीने स्वतः सुचवलं होतं, स्वतः बसवलं होतं आणि त्याचा कागद छापून पॅकिंगच्या हॉलमध्ये स्वतःच्या हाताने चिकटवला होता.

त्याच हॉलमध्ये शिट्टीची बोटं गेली.

शिट्टी म्हणजे पॅकिंगमधली एक लहानखुरी बाई. मशिनांच्या खडखडाटात ढकलगाडीवाल्याला बोलवायला ती दोन बोटं तोंडात घालून अशी सणसणीत शिट्टी मारायची की गाडीवाला लोटांगण घालत यायचा. ती उभी राहायची खोक्याला प्लास्टिकची पट्टी आवळणाऱ्या मशीनवर. त्या मशीनला पुढून एक लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. पण जाळी बंद केल्याशिवाय मशीन चालवायचं नसतं, आणि ती उघडबंद करण्यात वेळ जातो. म्हणून मोठ्या साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या प्रमुखांनी, सगळ्या मशीनच्या जाळ्या काढून भिंतीला टेकवून ठेवायला लावल्या होत्या. तोंडी. हॉलमध्ये उभं राहून, हसतमुखाने. खोकी भराभर निघायला लागली. आणि मग एका दुपारी पट्टी आवळली गेली ती खोक्यासकट शिट्टीच्या उजव्या हातावर.

तोफ हाताच्या अंतरावर होती. मशीन तिनेच बंद केलं. बोटं तिनेच शोधली.

संध्याकाळपर्यंत जाळ्या परत मशीनवर बसल्या होत्या आणि अपघाताच्या नोंदीत लिहिलेलं होतं की बाईंचा हात त्यांच्या घरी दरवाज्यात सापडला, तशाच त्या कामावर आल्या. खाली शिट्टीची सही होती. वेडीवाकडी, कारण डाव्या हाताची.

तोफ घरी येऊन आधी खूप बडबडली. मग भांडी आपटली. मग काहीच बोलेना, आणि तोफ गप्प बसली म्हणजे काही तरी शिजतंय. आरडाओरडा करून ही बया मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये घुसेल आणि नोकरी घालवून बसेल, अशी वहिनीला खात्रीच होती. म्हणून तिने तिला जवळ बसवलं आणि समजावलं की कुठे घुसायचं नाही, कुणाच्या अंगावर धावून जायचं नाही, ‘मोकळं-बोला’वर लिहायचं.

‘कुणाकडे जातं ते?’ तोफेने विचारलं. ‘खरं सांग.’

‘समितीच्या बाईंकडे. मी बसवलंय ते. बाकी कुणाच्या बापाला दिसायचं नाही.’

‘नाव घालू?’

‘घाल ना. तुझं घाल, शिट्टीचं घाल, जाळ्या कुणी काढायला लावल्या तेही घाल. गोलगोल लिहिलंस तर कोण विचारणार आहे? बिनधास्त लिही. माझ्यावर सोड.’

आता हे ‘माझ्यावर सोड’ वहिनी दिवसातून दहा वेळा म्हणायची. बसचं तिकीट, गॅसवरचं दूध, पंख्याची कुरकुर, सगळं तिच्यावर सोडायचं. तोफेने सोडलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तोफेचा फोन आला. हॉलच्या फोनवरून लिहून पाठवलं, म्हणाली, आणि रात्रीपासून पहिल्यांदाच तिचा आवाज नेहमीइतका मोठा होता. मशीनचा क्रमांक, वेळ, जाळ्या कुठे टेकवल्या होत्या, मोठे साहेब काय म्हणाले, शिट्टीची सही कशी घेतली, सगळं. खाली स्वतःचं पूर्ण नाव. वहिनीने तिला शाबासकी दिली, फोन ठेवला, आणि बाईंकडे पोचलं का ते बघावं म्हणून सहज सर्व्हर उघडला.

निरोप पोचला होता. पण ज्या आकड्यांच्या शेपटापाशी पोचला होता, ते शेपूट बाईंचं नव्हतं.

वहिनीला दोन हजार पत्ते काही पाठ नव्हते, पण हा होता. सगळ्यात आखूड. कारखाना सुरू झाला तेव्हा पहिला पत्ता ज्यांना दिला, त्यांचा. मोठ्या साहेबांचा.

बाई निवृत्त झाल्या होत्या, आणि हे तिला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! त्यांच्या निरोपसमारंभात पहिल्या रांगेत बसून तिने टाळ्या वाजवल्या होत्या, बाई रडल्या तेव्हा रुमाल पुढे केला होता. महिनाअखेरीला गेलेल्या सगळ्यांची टोपणनावं तिने एका फटक्यात, एक बटण दाबून, वरच्या साहेबांकडे वळवली होती. नावं वाचलीसुद्धा नव्हती. वाचायची गरजच नको म्हणून तर नियम केला होता. समितीवर नवी बाई अजून नेमलेली नव्हती. समितीच्या बाईंच्या वर कोण? मोठे साहेब. बस. नियम आपलं काम चोख करत होता.

माणूस गेलेला दिसतो. रिकामी खुर्ची दिसते, कपाटावरचा कुंडीतला पाला वाळलेला दिसतो. पण त्याचं टोपणनाव जिथल्या तिथे हसत उभं असतं, भिंतीवरच्या कागदावर, ठळक अक्षरात, आणि त्याच्या मागचा माणूस बदलला आहे हे बघणाऱ्याला कुठूनच कळत नाही.

तिने आधी सुचलं ते केलं. ‘मोकळं-बोला’ मोठ्या साहेबांकडून काढून घेतलं. पण त्याचा काही उपयोग नव्हता आणि हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, कारण टोपणनाव फक्त निघतानाच बघितलं जातं. एकदा निरोप निघाला की खऱ्या पत्त्याचा शिक्का बसला. नंतर तुम्ही नावाचं काहीही करा.

एकच गोष्ट बरी होती. निरोपापुढे लिहिलं होतं, ‘पोचला, वाचला नाही.’ मोठे साहेब बाहेरच्या खरेदीदारांना घेऊन भट्टीच्या भागात गेले होते, आणि पाहुण्यांच्या फेरीत तिथे फोन न्यायला बंदी. फेरीतल्या सगळ्यांचे फोन दारावरच्या पेटीत. म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंत तरी तो निरोप पेटीतल्या फोनमध्ये न वाचता पडून राहणार होता.

पोचलेला निरोप सर्व्हरवरून पुसता यायचा. पण त्याला दोघांचे पासवर्ड लागायचे, एक तिचा आणि एक काकांचा. वहिनी खुर्ची मागे लोटून काकांच्या टेबलाशी गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. काका चष्मा पुसत ऐकत राहिले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

‘पुसला की पुसल्याची नोंद राहते,’ ते शेवटी म्हणाले. ‘कुणाचा, कुणी, किती वाजता. ती नोंद मलाही पुसता येत नाही.’

वहिनी म्हणाली की नोंद कोण बघतंय, आणि बघितलीच तर चूक झाली म्हणून सांगू, सर्व्हर अडला होता म्हणून सांगू. काका तिच्याकडे न बघता म्हणाले की घरी त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिचा दवाखाना कारखान्याच्या नावावर चालतो, हे वहिनीला ठाऊक आहे. ते काही वाईट माणूस नव्हते. वहिनीला ताप आला तेव्हा स्वतःच्या छत्रीखालून तिला बसपर्यंत पोचवणारे होते. पण त्यांनी काखा वर केल्या त्या केल्याच.

‘तुझ्या नणंदेला सांग,’ ते म्हणाले. ‘निदान तिला माहीत तरी असू दे.’

वहिनी पॅकिंगच्या हॉलकडे निघाली. मधे लांबच लांब पॅसेज होता, दोन्ही बाजूंना काचेच्या भुग्याची पोती, आणि चालताना पायाखाली करकर वाजायचं. तोफेला काय सांगायचं याची तिने जुळवाजुळव केली. तांत्रिक अडचण, नियम, नेमणूक झाली नाही, वगैरे. आणि तोफ समोर आल्यावर तोंडातून निघालं ते एवढंच, ‘अगं, ते साहेबांकडे गेलं.’

‘कुठल्या?’

‘त्याच.’

तोफेच्या हातात खोक्यांचा आकडा लिहायचा खडू होता. तो तिने नीट डब्यात ठेवला. मग वहिनीच्या दंडाला धरून तिला भिंतीपाशी नेलं, जिथे तो कागद चिकटवलेला होता.

‘तू म्हणालीस माझ्यावर सोड.’

‘हो.’

‘कुणाच्या बापाला दिसायचं नाही म्हणालीस.’

‘अगं, माझा नियमच मला नडला. माझ्या लक्षातच...’

‘रडू नकोस,’ तोफ म्हणाली. ‘इथे नको. बायका बघतायत.’ आणि थोडं थांबून, ‘पुसता येत नाही?’

वहिनीने नाही म्हणून मान हलवली.

तोफ मशीनकडे वळली. शिट्टीच्या जागी एक नवी मुलगी उभी होती, खोकं सरकवून जाळी बंद करत होती आणि जाळी अडकली की घाबरून इकडेतिकडे बघत होती. आता वाचल्यावर मोठे साहेब काय करतील हे दोघींना दिसतच होतं. तोफेला बोलावून गोड बोलतील. निरोप त्यांच्या एकट्याकडे आहे, तेव्हा तो आलाच नाही. तोफेची बदली काच फोडण्याच्या शेडमध्ये, आणि महिन्याभराने काही तरी चूक काढून घरी. आणि शिट्टीचा हात कायमचा तिच्या घरच्या दरवाज्यात.

‘हे नाव तुला कुणाकडेही वळवता येतं ना?’ तोफेने विचारलं.

‘येतं. पण आता काय उपयोग? नवा निरोप असेल तरच.’

‘नवाच पाठवते. तोच परत. सगळ्यांकडे वळव.’

‘सगळ्यांकडे म्हणजे?’

‘सगळ्यांकडे म्हणजे सगळ्यांकडे. दोन हजार माणसांकडे. भट्टी, गोदाम, ऑफिस, रखवालदार, त्यांचे ते खरेदीदार असतील चॅटवर तर तेही. एकट्याकडे गेलं म्हणून दाबता येईल. सगळ्यांनी वाचल्यावर कसं दाबतील?’

येताना वहिनीच्या छातीवर जो धोंडा होता तो एकदम हलला. तिने केलेली चूक तिलाच निस्तरता येणार होती, तिच्याच हाताने, तिच्याच कामाने! नियम करणारी ती, नावं वळवणारी ती. कुणाचा पासवर्ड नको, कुणापुढे हात जोडायला नकोत.

निघताना तिने एकदा विचारलं, शिट्टीला सांगायला नको का? पण शिट्टी पट्टी बदलायला दवाखान्यात गेली होती आणि जेवणाची वेळ डोक्यावर आली होती. ‘तिच्यासाठीच तर करतोय,’ तोफ म्हणाली. वहिनीला ते पटलं. तिला ते इतकं पटलं की पॅसेजमधून परत जाताना ती जवळजवळ पळत होती.

काका कुठे तरी बाहेर गेले होते, की मुद्दामच गेले होते, कोण जाणे. वहिनीने ‘मोकळं-बोला’पुढे संपूर्ण कारखान्याचा गट लावला. सर्व्हरने विचारलं, खात्री आहे का? तिने हो म्हटलं. मग तोफेला फोन करून नुसतं ‘हं’ म्हणाली.

पुढचं सगळं तिने पडद्यावर बघितलं. निरोप निघाला. आधी चारपाच जणांनी वाचला, मग चाळीस, मग आकडा असा धावत सुटला की नजर ठरेना. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ती कॅन्टीनमध्ये गेली, मान ताठ करून, आज कुणीतरी येऊन हात हातात घेईल अशा तयारीने. तोफ नेहमीच्या टेबलाशी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंची बाकडी रिकामी होती.

एवढी मोठी कॅन्टीन, आणि चमच्यांचे आवाज ऐकू येत होते. प्रत्येकाच्या ताटाशेजारी फोन होता आणि प्रत्येकाचा फोन पालथा होता. रोज वहिनीशी थट्टा करणारा हिशेबनीस समोरून आला, त्याने तिला बघितलं, आणि काही तरी विसरल्यासारखं करून मागे वळला. पॅकिंगच्या बायका एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उठली, तोफेच्या टेबलापर्यंत आली, पाण्याचा जग उचलला आणि परत गेली.

वाचणाऱ्यांचा आकडा हजाराच्या पुढे गेला होता. उत्तर एकाचंही नव्हतं. एकदा वहिनीच्या फोनवर दिसलं की भट्टीवरचा कुणीतरी लिहितो आहे. दोघी घास हातात धरून बघत राहिल्या. मग ते ‘लिहीत आहे’ नाहीसं झालं आणि परत आलं नाही.

‘घाबरलेत,’ तोफ म्हणाली. ‘एकाने बोलायची खोटी आहे, मग बोलतील.’ तिने घास तोंडात घातला आणि चावतच राहिली.

सुट्टी संपता संपता मोठ्या साहेबांचा फोन पेटीतून बाहेर आला असावा. सगळ्यांना त्यांचा निरोप आला. शिवीगाळ नाही, धमकी नाही. निरोप वाचला, कर्मचाऱ्यांचं आरोग्य हा जिव्हाळ्याचा विषय आहे, ज्यांच्या हाताबद्दल लिहिलं आहे त्या भगिनी स्वतःच सर्वांसमोर खुलासा करतील. त्यानंतर काकांना वर बोलावणं आलं. जाताना त्यांनी आपली पाण्याची बाटली बरोबर घेतली, जणू लांबच्या प्रवासाला निघाले.

वहिनी सर्व्हरच्या खोलीत एकटी बसून राहिली. आता रक्षक येतील, ओळखपत्र मागतील, असं तिला वाटत होतं. तिने खणातली कंगवा-पावडर पिशवीत भरूनही ठेवली. दार वाजलं तेव्हा ती उठून उभी राहिली.

दारात शिट्टी होती. उजवा हात गळ्यात बांधलेला, पट्टीचा एवढा मोठा गोळा, आणि त्या गोळ्यामागे ती आणखीच लहान दिसत होती. डाव्या हातात एक चिठ्ठी.

‘वहिनी, मला पत्ता करून घ्यायचाय,’ ती म्हणाली. ‘साहेबांनी पाठवलंय.’

पॅकिंगच्या बायकांना चॅटवर स्वतःचा पत्ता नसायचा. अख्ख्या हॉलला मिळून एक फोन होता, तो खांबाला अडकवलेला. इतक्या वर्षांत त्यांना काही सांगायचं असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वहिनीलाही नाही. तिने चिठ्ठी वाचली. आजच, ताबडतोब, या बाईंच्या नावे नवीन पत्ता. तिला लगेच समजलं कशासाठी ते.

तिने शिट्टीला बसवलं. म्हणाली, नाही म्हणून सांग. म्हणाली, आम्ही आहोत ना, तोफेने डोळ्यांनी बघितलंय, आम्ही दोघी तुझ्या बाजूने उभ्या राहू.

‘कुठे उभ्या राहणार?’ शिट्टीने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ‘तुम्हाला उद्यापासून गेटच्या आत घेणार नाहीत, वहिनी. मला फाटकावर बसायचं काम देतो म्हणालेत. येणाऱ्याजाणाऱ्याचे पास बघायचे. एका हाताने होतं ते.’

‘पण हे खोटं आहे.’

‘मला माहितीये. माझीच बोटं आहेत.’

वहिनीने चिठ्ठी टेबलावर ठेवली.

‘दवाखान्यात होते मी,’ शिट्टी म्हणाली. ‘पट्टी सोडलेली. नर्सबाईच्या फोनवर कुणीतरी पाठवलं, तिने मला दाखवलं. हे तुम्हीच का म्हणून. माझं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव, मी रडत रडत सही केली, सगळं. मी रडले हे घरात माहीत नव्हतं हो. सासऱ्यांना सांगितलं होतं की हिमतीने घेतलं.’ ती थांबली. ‘तुम्ही दोघी चांगल्या आहात. पण मला विचारलं होतं का?’

तुझ्यासाठीच तर केलं, असं आता वहिनीला म्हणवेना. बाई निवृत्त झाल्यावर नावं न वाचता जसं बटण दाबलं, तसंच हेही बटण तिने दाबलं होतं. मधल्या माणसाकडे न बघता.

तिने शेवटचं एक करून बघितलं. म्हणाली, मी पत्ता केलाच नाही तर? शिट्टीने खांदे उडवले. मग काका करतील. साहेब तसंच म्हणालेत, तिच्याकडून झालं नाही तर म्हाताऱ्याकडून करून घ्या. तिने बोलता बोलता बांधलेला हात खालून सावरला, आणि तिच्या कपाळावर घाम आलेला वहिनीला दिसला. पट्टी बदलून सरळ इकडेच आली होती ती.

वहिनीने पत्त्याची खिडकी उघडली. आकड्यांचं शेपूट आपोआप तयार झालं. मग टोपणनावाची चौकट आली, आणि तिथे काय लिहायचं हे तिला विचारावंच लागलं.

‘नाव काय ठेवू?’

‘तुमच्या निरोपात होतं तेच. पूर्ण. म्हणजे लोकांना कळेल की मीच ती.’

वहिनीने लिहिलं. मजकूर चिठ्ठीच्या मागच्या बाजूला होता, वरून टाइप करून दिलेला. शिट्टीने डाव्या हाताच्या एका बोटाने सुरुवात केली, पण एक अक्षर शोधायला तिला इतका वेळ लागायला लागला आणि दर वेळी पुढे वाकताना तिचा चेहरा असा पिळवटायला लागला, की वहिनीने कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला. माझा हात माझ्या घरी दरवाज्यात सापडला. कारखान्यात कोणताही अपघात झालेला नाही. माझ्या परवानगीशिवाय माझं नाव वापरण्यात आलं. यातलं शेवटचं वाक्य लिहिताना तिला कुठे थांबावंसं वाटलं नाही, कारण ते खरं होतं.

‘कुणाला पाठवू?’

‘सगळ्यांना जातं ना ते, भिंतीवरचं? त्यालाच.’

‘मोकळं-बोला’ अजून सगळ्यांकडेच वळलेलं होतं. वहिनीने कीबोर्ड शिट्टीच्या डाव्या हाताखाली सरकवला. बटण मात्र शिट्टीने स्वतः दाबलं.

आणि मग उत्तरं यायला लागली. आधी गोदामातून, मग ऑफिसमधून, मग भट्टीवरून, एकावर एक. दुपारभर मुका झालेला सगळा कारखाना एकदम बोलायला लागला.

शिट्टीने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं होतं.

‘वाचा ना, वहिनी,’ ती म्हणाली. ‘काय म्हणतायत?’

वहिनीने पडदा जवळ ओढला. लवकर बऱ्या व्हा, तिने वाचलं. काळजी घ्या. घरात दरवाजे आपटू नयेत म्हणून खाली लाकडी पाचर लावा. काही लागलं तर सांगा. लवकर बऱ्या व्हा. ती वाचत राहिली.